नऊ किलो कशाचे?

यंदा गणपतीत बाबांना पाटावरून उठता आलं नाही.

तसं झालं काहीच नाही. अथर्वशीर्ष संपलं, आरतीसाठी सगळे उभे राहिलो आणि बाबा पाटावरच. मला वाटलं फुलं सारखी करतायत. मग लक्षात आलं, दोन्ही हात जमिनीला टेकून ते जोर लावतायत आणि उठता येत नाहीये. दोन्हीकडून भाचे धावले, उभं केलं. "पायाला मुंग्या आल्या रे," म्हणून बाबा हसले, आम्हीही हसलो, झांजा वाजल्या. मी मात्र पूर्ण आरतीभर सोवळ्याखालून दिसणाऱ्या त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत होते. ह्या कधी एवढ्या झाल्या?

आणि त्याच दिवशी, त्याच घरात, येणारा प्रत्येक जण त्यांना सांगत होता, "काय फिट दिसताय हो!" सगळ्यात पुढे आमची आत्या. "दादा, दहा वर्षांनी लहान दिसतोस." (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. रागावू नकोस. तुझ्यापेक्षा माझा गुन्हा मोठा आहे, सांगते पुढे.)

तर मागच्या डिसेंबरात बाबांना मधुमेह निघाला. वय एकाहत्तर, उंची एकशे अडुसष्ट, वजन ७४. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. बास, एवढंच. आमचे बाबा म्हणजे एकदा ठरवलं की ठरवलं. दोनाची एक भाकरी झाली, मग अर्धी. आमटीने पित्त होतं म्हणून आमटी बंद. रात्री दुधीचं सूप. सकाळी तासभर चालणं. ऑगस्टपर्यंत वजन ६५. नऊ किलो! आणि ह्या नऊ किलोंचा हिशोब मी ठेवत होते. दर रविवारी त्यांचं वजन विचारायचं, तक्त्यात भरायचं, खाली उतरत जाणारी ती निळी रेघ घरच्या ग्रुपवर टाकायची. टाळ्या, बदाम, अंगठे. मला फार अभिमान होता त्या रेघेचा.

नऊ किलो कशाचे, हे आठ महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही. वाण्याकडे गेलो की "एक किलो द्या" एवढंच म्हणून आपण गप्प बसत नाही ना? कशाचं ते सांगतो. माणसाच्या बाबतीत मात्र नुसते किलो पुरतात.

त्या रात्रीपासून मी वाचत बसले. माझं शिक्षण ह्यातलं नाही, त्यामुळे जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

काट्यावर जे उभं राहतं त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. मग स्नायू, हाडं, आतडी-यकृत-मेंदू, चरबी, शिवाय सकाळचा चहा. काटा सगळ्याची बेरीज सांगतो. ह्या बेरजेला उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय. हा भागाकार मुळात एका बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचा, आडॉल्फ केटले ह्याचा, १८३० च्या दशकातला. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो 'सरासरी माणूस' शोधत होता. वजन उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं एवढं त्याने पाहिलं. पुढे १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज ह्या अमेरिकन संशोधकाने पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त माणसांची मापं घेऊन त्याला आजचं नाव दिलं. माणसांची म्हणजे पुरुषांची. बाई एकही नाही. समूहाचा अंदाज घ्यायला हे माप सोपं आणि स्वस्त आहे, ते मला मान्य आहे. पण समूहाचं माप एकट्या माणसाच्या गळ्यात अडकवलं की काय होतं, त्याची सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्या पुण्यातली आहे.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. आणि चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजीत 'वाय'ने सुरू होतात म्हणून त्याला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. मला ह्यात सगळ्यात आवडलं ते हे, की संशोधकाने स्वतःलाच उदाहरण म्हणून उभं केलं. लोकांच्या पोटाबद्दल बोलण्याआधी स्वतःचं मोजलं!

बारीक दिसणारा, पण आतून चरबीचा माणूस. आमच्या घराण्यात त्याला "हातपाय काड्या आणि पोट नगारा" म्हणतात. आजोबा तसे, काका तसे, बाबा तसे, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्याच वळणावर. याज्ञिकांच्या गटाने तर हे पार जन्मापर्यंत मागे नेलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं अशी तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५. आपली दंडाने बारीक, पोटाच्या घेराने बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत येणारी चरबीची घडी मात्र त्या मानाने बरीच शाबूत. म्हणजे लहान होताना बाळाने स्नायू सोडले, चरबी धरून ठेवली. हे वाचलं तेव्हा मी माझ्या बारशाचा फोटो काढून बघितला. काही कळलं नाही, दुपट्यात गुंडाळलेली होते :-)

आता ही चरबी मोजतात कशी? इथे मला खरा धक्का बसला, कारण जिवंत माणसाची चरबी थेट कुणीच मोजत नाही. थेट मोजायची तर शवविच्छेदनच करावं लागतं. ब्रुसेल्समध्ये १९७९ ते १९८३ ह्या काळात पंचवीस मृतदेहांची त्वचा, चरबी, स्नायू, हाडं, अवयव वेगवेगळे करून तोलले गेले. त्यात दिसलं की चरबी वगळून उरलेल्या शरीरात स्नायू आणि हाडं ह्यांचं प्रमाण माणसागणिक बरंच बदलतं. बाकीच्या सगळ्या पद्धती म्हणजे काहीतरी दुसरं मोजायचं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधायचा.

जुनी पद्धत पाण्याची. आर्किमिडीजचीच युक्ती. माणसाचं वजन हवेत घ्यायचं, मग श्वास सोडायला लावून पाण्याखाली घ्यायचं, त्यावरून घनता काढायची. चरबीची घनता ०.९ च्या आसपास, बाकी शरीराची १.१ च्या आसपास धरतात. तुपाचा गोळा तरंगतो, हाड बुडतं, इतकं सोपं. अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के ह्यांनी अशा पद्धतीने पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटू तोलले. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले सतरा जण जाडेपणामुळे सैन्यासाठी नापास! प्रत्यक्षात ते नुसते स्नायूंचे होते. हे १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे काटा फसवतो हे कळून ऐंशीहून जास्त वर्षं झाली आणि आम्ही अजून ग्रुपवर निळी रेघ टाकतोय.

घनतेवरून टक्केवारी काढायचं जे सूत्र १९६१ पासून वापरात आहे ते विल्यम सिरी ह्यांचं. (हा गृहस्थ गिर्यारोहकही होता. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचा उपनेता. काही लोकांना एक आयुष्य पुरत नाही.) पण ब्रुसेल्सची गोष्ट आठवा. ते १.१ सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. म्हाताऱ्या माणसाची हाडं हलकी झालेली असली तर सूत्र त्याला आहे त्यापेक्षा जास्त चरबीचा ठरवतं.

दुसरी पद्धत चिमट्याची. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, फऱ्याखाली, कमरेच्या हाडावर अशा चार ठिकाणी घडी पकडून जाडी मोजायची. १९७४ साली डर्निन आणि वॉमर्स्ली ह्यांनी ग्लासगोत ४८१ जणांवरून ह्याचे तक्ते केले आणि ते तक्ते जगभर फिरले. चिमटा हातात धरणारा सरावाचा हवा, नाहीतर एकाच माणसाची दोन वेगळी उत्तरं येतात. आणि तो कातडीखालचं मोजतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात साठलेलं त्याला दिसत नाही. आमच्यासारख्यांचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

आता घराघरात आलेला तो काचेचा 'स्मार्ट' काटा. माझ्या भावाने दिवाळीत सगळ्यांना एकेक वाटला, त्यामुळे त्याची आधीच माफी मागते. ह्या काट्यावर अनवाणी उभं राहिलं की एका पायातून अगदी क्षीण वीज जाते आणि दुसऱ्या पायातून परत येते. पाण्यातून वीज सहज वाहते, चरबीत पाणी कमी म्हणून ती अडते. किती अडली त्यावरून अंगात पाणी किती, पाण्यावरून चरबीविरहित भाग किती, आणि वजनातून तो वजा करून चरबी किती. अंदाजाच्या पाठीवर अंदाज. शिवाय वीज मुख्यतः पायांतून फिरून येते. पोटाचं, हातांचं, छातीचं काय? ते तुमचं वय, उंची, लिंग बघून यंत्रातलं सूत्र ठरवतं. ते सूत्र कुठल्या लोकांवरून बेतलंय हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मी एका रविवारी प्रयोग केला. सकाळी उठल्याउठल्या चरबी ३३.१ टक्के. दोन भांडी पाणी आणि पोहे झाल्यावर ३२.२. दुपारी आंघोळ करून ओल्या पायांनी, ३०.४. एका दिवसात पावणेतीन टक्के चरबी गेली, तीही पोहे खाऊन! त्याच काट्याने माझ्या 'शरीराचं वय' त्रेपन्न सांगितलं. माझं खरं वय सांगणार नाही, पण मी दोन दिवस अबोला धरला होता. माझं म्हणणं काटा फेकून द्या असं नाही. रोज त्याच वेळी, त्याच अवस्थेत उभं राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांचा कल त्यातून दिसू शकतो. पण दशांश चिन्हानंतरचा तो आकडा म्हणजे निव्वळ आव आहे. अंदाज सांगणाऱ्याने एवढ्या ठामपणे बोलू नये.

आणि मग डेक्सा. हाडांची घनता बघायला आईला केला होता तोच. टेबलावर निजायचं, दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण अंगावरून जातात. हाड, चरबी आणि बाकीचा मऊ भाग ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून हात, पाय, धड असा वेगवेगळा हिशोब मिळतो. किरणांचं प्रमाण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. हाही शेवटी अंदाजच, पण बाकीच्यांपेक्षा पुष्कळ बरा. बाबांना मी थोडं खोटं बोलूनच नेलं. "हाडं तपासायची आहेत," म्हटलं. हाडांवर त्यांचा विश्वास आहे.

अहवाल आला तो असा. वजन ६५, बीएमआय २३. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी जी मर्यादा ठरवली तिच्या अगदी उंबरठ्यावर. जगाच्या २५ च्या हिशोबाने तर अगदी आदर्श. पण चरबी २९ टक्के, म्हणजे जवळजवळ एकोणीस किलो. आणि चारही हातापायांचा मिळून चरबीविरहित मऊ भाग, जो बहुतेक स्नायूच असतो, फक्त अठरा किलो. उंचीच्या वर्गाने भागलं की ६.४. आशियाई पुरुषांसाठी ही मर्यादा ७ आहे, त्याखाली स्नायू कमी समजतात. एवढी उपासमार करून चरबी जिथल्या तिथे मुक्काम ठोकून होती, आणि पाटावरून उठवणारं जे होतं तेच नव्हतं.

मी डॉक्टरांना विचारलं, नऊ किलोंपैकी चरबी किती गेली आणि स्नायू किती? ते म्हणाले, आता कसं सांगणार? आधी कुठे मोजलं होतं?

हे वाक्य मला अजून टोचतं. माझ्या तक्त्यात छत्तीस रविवार आहेत, आणि त्या छत्तीस आकड्यांतून ह्या एका प्रश्नाचं उत्तर निघत नाही. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर साधारण पाव भाग चरबीचा नसतो, असं म्हणतात. त्यात वय सत्तरीच्या पुढचं, ताटात डाळ नाही, चालण्याशिवाय व्यायाम नाही, म्हणजे हिस्सा वाढणारच. २०२५ पासून आपल्याकडे आठवड्याची वजन उतरवायची नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत, आमच्या नात्यातच दोघांनी सुरू केली आहेत. त्यांच्यामुळे उतरणाऱ्या वजनातही चांगला पाव ते चाळीस टक्के भाग चरबीविरहित असल्याचं डेक्साने दिसलं आहे. त्या दोघांना मी एवढंच म्हणेन, आधी एकदा मोजून घ्या. नंतर विचारायची सोय नसते.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. बाबांची तीन महिन्यांची साखर ८.१ वरून ६.४ वर आली. म्हणजे वजन उतरणं वाया गेलं असं मी म्हणूच शकत नाही, आणि ज्यांनी ते उतरवायला सांगितलं त्यांना दोषही देता येत नाही. पण जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंत जाऊन साठते. स्नायू कमी म्हणजे कोठार लहान. आज साखर आवाक्यात आहे कारण आवकच कमी आहे. श्रीखंडाची एक वाटी खाल्ली तर ती ठेवायची कुठे?

माझं खरं भांडण आहे ते आपल्या बोलण्याशी. "बारीक झालीस" ही शाबासकी आणि "सुटलीस" हा टोमणा. दारात चप्पल काढायच्या आत आपण दुसऱ्याच्या शरीराचा निकाल लावतो, आणि तोही एकाच आकड्यावर किंवा नजरेवर. आजारी माणसाला, उपाशी माणसाला, स्नायू झिजलेल्या म्हाताऱ्याला आपण अभिनंदन करून करून त्याच रस्त्यावर पुढे ढकलतो. बाबांना पायऱ्या चढताना जूनपासूनच जड जात होतं, हे आईने मला नंतर सांगितलं. त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. का दाखवतील? सगळं घर टाळ्या वाजवत होतं.

अंगणवाडीतल्या ताईंना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या पोराचं वजन तर घेतातच, पण दंडाला ती तीन रंगांची पट्टीही गुंडाळतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंडघेर गेला की लाल. पोर उपाशी आहे की नाही ते एका फितीत कळतं. मोठ्यांसाठीही फीतच चांगली, असं माझं मत होत चाललंय. शिंप्याची साधी टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० ही मर्यादा धरतात. (पुरुषांनो, पँटचा नंबर सांगू नका. पँट केव्हाच पोटाखाली घसरलेली असते.) जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्याच एका मोठ्या तज्ज्ञगटाने सांगितलं, की नुसत्या बीएमआयवर कुणाला लठ्ठपणाचं निदान चिकटवू नका, कमरेचा घेर तरी मोजा किंवा चरबी तरी मोजा. पुण्याचा फोटो छापून तोवर एकवीस वर्षं झाली होती. असो.

आणि ती टेप पोटरीलाही लावायची. सगळ्यात जाड जागी, बसून. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या नियमांत पुरुषाला ३४ आणि बाईला ३३ सेंटिमीटरच्या खाली आली तर पुढे तपासा असं आहे. टेपही नको असेल तर जपान्यांची युक्ती: दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडं करायचं. कडं सैल बसलं तर काळजी करायची. बाबांच्या पोटरीभोवती माझं कडं सैल बसलं. माझे हात आईचे आहेत, लहान.

तिसरी परीक्षा खुर्चीची. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांत जोर कमी. सप्टेंबरात बाबांना सतरा लागले, आणि पाचव्यांदा उठताना माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरणार नाही.

मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे तपासून घेऊन डॉक्टरांनी आमटी परत सुरू केली. पातळ नाही, घट्ट वरण. दोन्ही वेळा दही. अंडं आमच्याकडे चालत नाही, पण मोड आलेली मटकी, पनीर, आणि आईच्या मते "ते रबर", म्हणजे सोयाबीनच्या वड्या. चालणं अर्धा तासच, उरलेला अर्धा तास खुर्ची आणि दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. "ह्या वयात तालीम करायला लावतेस," म्हणतात, पण करतात. निळी रेघ मी पुसून टाकली. आता रविवारी फोनवर "वजन किती" असं विचारत नाही, "किती सेकंद" असं विचारते. सतरा, साडेसोळा, पंधरा, परत सोळा (सर्दी झाली होती), चौदा. गेल्या रविवारी तेरा पॉइंट सहा.

परवा आत्या येऊन गेली. रात्री तिचा फोन. "अगं, दादा परत भरलाय की थोडा. तू लक्ष देत नाहीस का?"

बरोबर आहे तिचं. वजन ६६.३ झालंय. हा सव्वा किलो कशाचा, ते मार्चमध्ये परत डेक्सा केला की सांगेन.